मुळशीचे पाणी आणि ट्रॉम्बेचा कोळसा

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की वाटेत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. पावसाळ्यात या भागात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांवर असलेल्या ताम्हिणीच्या परिसरात तो सहा हजार मिलिमीटरांच्याही वर जातो.

हे पाणी खरे म्हणजे पूर्वेला जायचे. मुळा नदी पुण्यात मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पण मुळशीच्या पाण्याची वाट माणसाने बदलली. टाटांच्या वीज कंपनीने १९२० नंतरच्या दशकात मुळा व निळा या नद्यांचे पाणी धरण बांधून अडवले, डोंगरातून बोगदा काढला आणि ते उलट, पश्चिमेकडे नेले. सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली, आजच्या रायगड जिल्ह्यातील भिरा या गावी उतरते. तेथे ते वीज निर्माण करते आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जाऊन मिळते. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले.

सौर ऊर्जा, पवन ऊर्जा यांना आपण हल्ली ‘अपारंपरिक’ किंवा ‘अक्षय’ ऊर्जा म्हणतो. मुळशीची वीजही अक्षयच. सूर्याने समुद्राचे पाणी तापवायचे, वाऱ्याने ढग आणायचे, सह्याद्रीने ते अडवायचे आणि आपण फक्त खाली येणाऱ्या पाण्यासमोर चाक धरायचे. इंधन जळत नाही, धूर निघत नाही. अपारंपरिक मात्र तिला कसे म्हणावे, हा प्रश्नच आहे. शंभरी गाठत आलेल्या वस्तूची परंपरा झालेली असते!

मग प्रश्न असा, की मुळशीच्या विजेचा कोळशाशी काही संबंध आहे का? वरवर पाहता मुळीच नाही. थोडे खोलात गेलो तर संबंध आहे, एक नव्हे दोन आहेत. ते दोन्ही नीट समजले, तर गच्चीवरच्या सौर पत्र्यांपासून साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्यांपर्यंत सगळ्यांचे गणित समजते. पण आधी पाण्याचे गणित करू या.

पाण्यात किती वीज?

एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर. त्याचे वस्तुमान हजार किलोग्रॅम. ते पाचशे मीटर उंचीवर असेल, तर त्याची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढी, म्हणजे १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून या पाण्यात सुमारे १.३६ युनिट ऊर्जा आहे. नळातील घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा करा. हातात साधारण १.१५ युनिट पडते.

हजार लिटर पाण्याला जेमतेम एक-सव्वा युनिट! तुम्हांला हे फारच थोडे वाटेल. पण धरणांतले पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात २ कोटी ८३ लाख घनमीटर. त्याला १.१५ ने गुणले की सुमारे ३ कोटी २५ लाख युनिटे येतात. हीच वीज कोळसा जाळून करायची, तर दर युनिटाला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम भारतीय कोळसा लागतो. म्हणजे सुमारे बावीस हजार टन. एका मालगाडीत जवळजवळ चार हजार टन कोळसा मावतो. तेव्हा मुळशीचे एक टीएमसी पाणी भिऱ्याला उतरते तेव्हा कोळशाच्या पाच-सहा मालगाड्या वाचतात.

पाचशे मीटर खाली आल्यावर या पाण्याचा वेग काय होत असेल? घर्षण नाही असे मानले, तर तो सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक येतो. पाण्याचा असा झोत वाट्यांच्या आकाराची पाती बसवलेल्या चाकावर सोडतात. त्याला पेल्टन चक्र म्हणतात. चाक फिरले की त्याच्या दांड्यावरचे जनित्र फिरते. भिऱ्याला अशी २५ मेगावॅटची सहा यंत्रे आहेत.

या सगळ्या खटाटोपामागे कारण कोळशाचेच होते, हे फार जणांना ठाऊक नसते. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो दूर बंगालकडून किंवा परदेशांतून आणावा लागे. म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या पावसाकडे पाहिले. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि मग भिऱ्याचे. कोळशाला पर्याय म्हणूनच ही वीज जन्माला आली.

जन्माचे ऋण

आता पहिला संबंध पाहू. धरण आणि वीजकेंद्र बांधायला काय काय लागते? नळांसाठी व यंत्रांसाठी पोलाद, तारांसाठी तांबे आणि ॲल्युमिनियम, बांधकामासाठी चुना किंवा सिमेंट. यांतली एकही वस्तू आगीशिवाय होत नाही.

पोलादाचे उदाहरण घ्या. लोखंडाचे खनिज म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातला ऑक्सिजन सोडवून नेणारे कोणीतरी हवे. झोतभट्टीत हे काम कार्बन करतो. कोळशापासून केलेला कोक भट्टीत जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. येथे कोळसा नुसती उष्णता देत नाही. तो रासायनिक क्रियेतला भागीदार आहे. म्हणूनच भट्टीला सौर वीज जोडून प्रश्न सुटत नाही. कोकऐवजी हायड्रोजन वापरून लोह करता येते, पण जगातले बहुतेक नवे लोह अजूनही कोळशानेच होते. एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

सिमेंटची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला असाल. भट्टीला उष्णता कशाचीही द्या, चुनखडीतला वायू निघायचाच.

बरे, सौर पत्रा? तो वाळूपासून होतो असे आपण ऐकतो. ते बरोबर आहे, पण वाळू किंवा गारगोटी म्हणजे सिलिका, अर्थात सिलिकॉन आणि ऑक्सिजन. येथेही ऑक्सिजन काढून घ्यायला कार्बनच लागतो. विजेच्या भट्टीत दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाला गारगोटी आणि कोळसा, कोक किंवा लाकडाच्या ढलप्या एकत्र तापवतात, तेव्हा कच्चा सिलिकॉन मिळतो. तो पुढे अतिशुद्ध करायला भरपूर वीज खर्च होते. जगातले बहुतेक सौर पत्रे चीनमध्ये तयार होतात आणि चीनची निम्म्याहून अधिक वीज कोळशाची आहे. पत्र्यातील घट चिकटवणारे प्लॅस्टिक खनिज तेलापासून होते. पवनचक्कीच्या पात्यांतले रेझिन खनिज तेलापासून. ती लांबलचक पाती साताऱ्याच्या डोंगरावर चढवणारे मालमोटार डिझेलवर चालतात. रोहित्रातले तेलही बहुधा खनिजच.

एवढे वाचून काही मंडळी म्हणतील, “मग सगळा खेळच खोटा! कोळसा जाळूनच जर सौर पत्रा करायचा, तर सरळ कोळशाचीच वीज का करू नये?” हा युक्तिवाद ऐकायला सफाईदार आहे, पण त्यात हिशेबाची पायरी गाळली आहे. ऋण किती आणि मिळकत किती, हे पाहिलेच नाही.

समजा, गच्चीवर एक किलोवॅटचे सौर पत्रे बसवले. महाराष्ट्रातल्या उन्हात ते दिवसाला सरासरी चार युनिटे देतात; वर्षाला चौदाशे-पंधराशे. पत्रे तयार करताना जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढी ते साधारण एक ते दोन वर्षांत परत करतात. त्यांचे आयुष्य पंचवीस वर्षे धरले, तर उरलेली तेवीस-चोवीस वर्षे निव्वळ मिळकत. शेतकरी पेरणीसाठी बियाणे उधार आणतो. पीक आले की उधारी फिटते आणि कणगी भरते. त्याला कोणी “तुझे पीक उधारीचे” म्हणून हिणवत नाही. कोळशाच्या केंद्राची गोष्ट वेगळी. ते बांधण्याचे ऋण तर असतेच, शिवाय दर युनिटामागे नवा कोळसा जाळावा लागतो. ते ऋण कधी फिटतच नाही.

मुळशीच्या धरणाचे पोलाद-चुन्याचे ऋण केव्हाच फिटले आहे. एक ऋण मात्र युनिटांत मोजता येत नाही. या जलाशयाखाली मुळशी खोऱ्यातल्या सुमारे पन्नास गावांच्या जमिनी गेल्या. आंबेमोहर पिकवणारी ही भातखाचरे मावळ्यांची वाडवडिलांपासूनची. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, येथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. कामाची रेल्वेगाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण अखेर झालेच. वीज मुंबईला गेली आणि पाण्याखालची जमीन मुळशीची होती. ‘स्वच्छ वीज’ म्हणताना धूर नाही एवढेच आपण म्हणत असतो, हे ध्यानात असू द्या.

रोजची सोबत

दुसरा संबंध अधिक अवघड आहे, कारण तो एकदाच जडलेला नसून रोजचा आहे.

विजेचा एक स्वभाव असा, की ती तयार होते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. धान्यासारखी तिची रास करून ठेवता येत नाही. तुम्ही पंखा सुरू करता त्या क्षणी कुठेतरी एखाद्या जनित्रावर तेवढा भार वाढतो. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला नाही, तर जनित्रांचा वेग बदलतो आणि आपल्या विजेचे सेकंदाला ५० हे आवर्तन ढळते. फार ढळले तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी एकेक भाग तोडून टाकते आणि काळोख होतो.

मागणी तर सारखी बदलत असते. मध्यरात्रीनंतर ती उतरते, सकाळी चढते, संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा उसळी घेते. पाण्याचे यंत्र याला तयार असते. झडप उघडली की काही मिनिटांत पूर्ण वीज, बंद केली की शून्य. औष्णिक केंद्राला मात्र हे जमत नाही. का जमत नाही, ते नीट पाहण्यासारखे आहे.

पाचशे मेगावॅटच्या एका संचात ताशी तीनशे टनांच्या आसपास कोळसा पिठासारखा दळून जाळला जातो. त्याचा बाष्पक उंच इमारतीएवढा असतो. आत वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दाब हवेच्या दाबाच्या दीडशेपट वा त्याहूनही जास्त. एवढा दाब सोसायचा म्हणून नळ्या, पिंप, टर्बाइनचे कवच सगळे जाडजूड धातूचे. जाड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला की तो तडकतो, कारण आतला थर प्रसरण पावतो आणि बाहेरचा थर अजून थंडच असतो. धातू काचेसारखा लगेच तडकत नाही, पण पुनःपुन्हा तापवून निववला तर त्यालाही भेगा जातात. म्हणून थंड पडलेला बाष्पक हळूहळू, कित्येक तास घेऊन तापवावा लागतो आणि कोळसा नीट पेट घेईपर्यंत महागडे तेल जाळावे लागते.

खेड्यातल्या घरात पूर्वी रात्री चूल पूर्ण विझवत नसत. निखारे राखेखाली झाकून ठेवत. पहाटे फुंकर घातली की विस्तव तयार. औष्णिक केंद्र रात्री नेमके हेच करते. मागणी नसली तरी ते बंद होत नाही, मंद आचेवर चालत राहते. पण किती मंद? फार कमी केले तर भट्टीतली ज्वाला अस्थिर होते. २०२३ साली केलेल्या भारतीय नियमांत ही खालची मर्यादा क्षमतेच्या ५५ टक्के ठरवली आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायचे योजले. मंद आचेवर चालताना दर युनिटामागे कोळसाही जास्त खर्च होतो.

मुंबईसाठी टाटांनी ट्रॉम्बे येथे औष्णिक केंद्र उभारले ते १९५६ साली. पुढे १९८४ मध्ये तेथे भारतातला पहिला ५०० मेगावॅटचा संच सुरू झाला. मुंबई वाढली, पाऊस काही वाढला नाही. तेव्हा ज्या कोळशाला पर्याय म्हणून मुळशी बांधली, तोच कोळसा मुंबईच्या दारात आला. आणि रात्रीचा प्रश्न उभा राहिला. मंद आचेवरही ट्रॉम्बेची जी वीज होणार, ती करायची काय?

उत्तर पुन्हा मुळशीनेच दिले. १९९० नंतरच्या दशकात भिऱ्याला १५० मेगावॅटचे आणखी एक यंत्र बसवण्यात आले. हे यंत्र दोन्ही बाजूंनी फिरते. सरळ फिरते तेव्हा टर्बाइन, उलट फिरते तेव्हा पंप. रात्री वीज उरली की हे यंत्र उलटे फिरवायचे आणि खाली भिऱ्याला अडवलेले पाणी पाचशे मीटर वर, पुन्हा मुळशीच्या जलाशयात चढवायचे. संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. याला ‘उदंचन जलविद्युत्’ असे भारदस्त नाव आहे. विजेची रास करता येत नाही, पण पाण्याची करता येते. तेव्हा वीज पाण्याच्या रूपाने साठवली!

आता हिशेब करा. पाणी चढवताना तूट, उतरवताना पुन्हा तूट. साधारण चार युनिटे खर्च केली की तीन परत मिळतात. पावसाचे पाणी वीज देते, पण पंपाने चढवलेले पाणी वीज खाते. चढवणारी वीज कोळशाची असेल, तर कोळशाच्या एका युनिटामागे जो साधारण एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तो अशा साठवलेल्या युनिटामागे १.३ किलोग्रॅम होतो. म्हणजे खाली भिऱ्याला धूर नाही, काजळी नाही, झऱ्यासारखे स्वच्छ पाणी. आणि तरीही त्या विजेमागचा कोळसा ट्रॉम्बेच्या सरळ विजेमागच्या कोळशापेक्षा जास्त! पाण्याची वीज म्हणून तिला आपण डोळे झाकून स्वच्छ म्हणालो, तर फसू.

मग ती वेडेपणाची म्हणायची का? तसेही नाही. संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी आणखी एक औष्णिक संच बांधून तो दिवसभर मंद आचेवर ठेवण्यापेक्षा हे बरे. शिवाय सोबत एकतर्फी नाही. बंद पडलेले औष्णिक केंद्र आपले आपण सुरू होऊ शकत नाही. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, हवा देणारे पंखे, बाष्पकात पाणी भरणारे पंप हे सगळे विजेवर चालतात, आणि वीज तर गेलेली! अशा वेळी पहिली वीज द्यायला पाणी उपयोगी पडते, कारण त्याला झडप उघडण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी कोलमडला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी पुरवठा पुन्हा उभा करण्याचे काम तातडीने हाती घेताना ट्रॉम्बेबरोबर खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तीन केंद्रेही कामी आली.

पंपाची पाळी बदलते

गेल्या दहा-बारा वर्षांत या चित्रात सूर्य आला. भारतात सौर केंद्रे इतक्या झपाट्याने उभी राहिली, की जून २०२५ अखेर देशाची एकूण वीजक्षमता ४८५ गिगावॅटच्या घरात होती आणि तिच्यातली निम्मी कोळसा, वायू व तेल यांखेरीजची होती. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पण त्याच सुमारास, २०२४-२५ या वर्षात, देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. हे कोडे कसे सुटते?

क्षमता म्हणजे घागर केवढी, उत्पादन म्हणजे दिवसभरात पाणी किती आणले. एक मेगावॅटचे केंद्र वर्षाचे ८७६० तास पूर्ण क्षमतेने चालले तर ८७ लाख ६० हजार युनिटे देईल. सौर केंद्र रात्री शून्य, सकाळी थोडे, दुपारी भरपूर, ढग आला की कमी. वर्षाची गोळाबेरीज सोळा-सतरा लाख युनिटे, म्हणजे पाचवा हिस्सा. औष्णिक केंद्र याच्या तिप्पट-चौपट वेळ राबवता येते. म्हणून घागरी निम्म्या-निम्म्या असल्या तरी पाणी निम्मे-निम्मे होत नाही.

दुसरी अडचण सूर्यास्ताची. संध्याकाळी तासा-दोन तासांत सारी सौर वीज जाते आणि त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. ही खिंड भरून काढायला आज मुख्यतः कोळसाच लागतो, आणि त्याने सहा वाजता धावावे अशी इच्छा असेल, तर दुपारी त्याला राखेखाली का होईना धगधगत ठेवावे लागते. म्हणजे भर दुपारी, आकाशात सूर्य तळपत असताना, कोळसाही जळतच असतो. राजस्थानात तर २०२५ मध्ये दुपारी सौर केंद्रांनाच उत्पादन कमी करायला सांगावे लागल्याचे प्रसंग आले. वाहक तारा अपुऱ्या पडणे हे त्याचे मोठे कारण होते. पावसाळ्यात ऊन घटते तेव्हा महाराष्ट्रात वारा जोरात असतो, ही निसर्गाची थोडी मेहेरबानी. पण रोजच्या सूर्यास्ताला ती पुरी पडत नाही.

आता भिऱ्याच्या त्या उलटसुलट फिरणाऱ्या यंत्राकडे पुन्हा पाहा. अशा यंत्राला ‘तुला चालवणारी वीज कुठली?’ असे कोणी विचारले, तर ते काय सांगेल? त्याला सगळी वीज सारखीच. फरक पडतो तो वेळेने. रात्री दोन वाजता पंप चालवला तर पाणी वर चढवणारा बहुतांशी कोळसा. दुपारी बारा वाजता, सौर वीज उतू जात असताना चालवला, तर पाणी वर चढवणारा सूर्य. यंत्र तेच, धरण तेच, चाराला तीन हा हिशेबही तोच. पण बाहेर पडणाऱ्या युनिटामागचा धूर १.३ किलोग्रॅमवरून अगदी थोड्यावर येतो. पंपाची पाळी रात्रीऐवजी दिवसा लावली, एवढाच बदल.

म्हणूनच सध्या सह्याद्रीच्या कड्यांना पुन्हा भाव आला आहे. दोन तलाव, मध्ये काहीशे मीटरांचा खडा उतार आणि भरपूर पाऊस, अशी जागा इतरत्र शोधून सापडत नाही. घाटघर येथे २५० मेगावॅटची अशी योजना २००८ सालीच सुरू झाली. तिच्या धरणांच्या काँक्रीटमध्ये सिमेंट वाचवण्यासाठी औष्णिक केंद्रांतली राख मोठ्या प्रमाणावर वापरली होती. राखेवर उभा राहिलेला विजेचा हौद! ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र शासनाशी भिवपुरी येथे एक हजार आणि शिरवता येथे अठराशे मेगावॅटच्या उदंचन योजनांचा करार केला. म्हणजे पुन्हा बोगदे, पुन्हा पोलाद, पुन्हा सिमेंट. जन्माचे ऋण नव्याने काढावे लागणारच. विजेच्या मोठाल्या बॅटऱ्यांची किंमतही उतरत आहे आणि त्यांना डोंगर लागत नाही. कोणाची सरशी होईल हे जागेवर आणि पैशावर ठरेल. माझ्या मते दोन्ही लागतील.

मुळशीच्या पाण्यावर तर आणखी एक मागणी आहे. पुण्याच्या भोवतीची वस्ती वाढली, तसे ‘हे पाणी समुद्राकडे न सोडता पूर्वेला, पिण्यासाठी द्या’ ही मागणी जोर धरू लागली. दुसऱ्या बाजूला कुंडलिकेच्या काठी, रोह्याकडे, शेती आणि कारखाने भिऱ्याहून येणाऱ्या पाण्यावर विसंबून आहेत. उदंचन योजनेचा येथे एक फायदा दिसतो. तिच्यात तेच पाणी खालीवर होत राहते. बाष्प होऊन उडेल तेवढेच नवे लागते.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेलच. समजा, ती दहा हजार लिटरची आहे आणि जमिनीपासून पंधरा मीटर उंच आहे. तिच्यात किती युनिट वीज साठवली आहे? वरच्याच सूत्राने करा. उत्तर अर्ध्या युनिटाहूनही कमी येईल. म्हणजे गच्चीवरच्या टाकीचे भिरा करायचे मनात असेल तर ते सोडून द्या. पण टाकी भरणारा पंप किती वाजता सुरू होतो, हे मात्र पहारेकऱ्याला विचारून लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो पहाटे किंवा रात्री चालतो. दुपारी बारा ते तीन या वेळात तो चालवला तर कोणाची गैरसोय होईल आणि टाकी केवढी लागेल, याचा हिशेब वहीत मांडून पाहा. दोन दिवसांचे आकडे पुरेत.